दुसऱ्या शुक्रवारचा पिक्चर

नागपुरातल्या मानेवाड्याच्या दोन भावांनी प्रश्न विचारला आहे. दीडदीडशे खुर्च्यांचे दोन पडदे त्यांनी चालवायला घेतलेत. येत्या सणाला एकाच दिवशी दोन मोठे हिंदी पिक्चर लागताहेत. एक गाजलेल्या पिक्चर-मालिकेचा चौथा भाग. दुसरा अगदी कोरा, मागचा-पुढचा काही नसलेला धमाल पिक्चर. ट्रेलर पाहून घरातली पोट्टी हसून लोळली म्हणे. वितरक म्हणतो, चौथ्या भागाला दोन्ही पडदे द्या. 'काय करावं? आणि लोकांना खरंच नवीन हवं असतं का, की ते नुसतं बोलायचं आणि तिकीट मात्र ओळखीच्या नावाचं काढायचं?'

भाऊ, दोन्ही पडदे देऊ नका. इथेच थांबलो असतो, पण वितरकाचा फोन आला की तुम्ही देऊन बसाल, कारण त्याच्याकडे आकडे असतील आणि तुमच्याकडे फक्त माझं एक वाक्य. म्हणून सविस्तर सांगतो.

या धंद्यात माझी पस्तीस वर्षं गेली. सुरुवात वितरकाचा प्रतिनिधी म्हणून झाली. पिक्चरच्या पेट्यांसोबत गावोगाव जायचं, टॉकीजच्या खिडकीमागे स्टुलावर बसायचं, विकलेल्या तिकिटांचे नंबर टिपायचे, मालकानं हिशेबात चलाखी केली तर पकडायची आणि रात्री अमरावतीला कलेक्शन कळवायचं. आपल्या भागाला सिनेमावाले अजूनही 'सीपी बेरार' म्हणतात. तो प्रांत नकाशावरून जाऊन सत्तरहून जास्त वर्षं झाली, वितरकांच्या वहीतून काही गेला नाही. पुढे मी पक्ष बदलला आणि नागपुरातल्याच एका टॉकीजचा मॅनेजर झालो. म्हणजे ज्या चलाख्या पकडायचो त्याच... असो.

खिडकीमागे बसलं की गिऱ्हाइकाचे दोन स्वभाव कळतात. पहिल्या शुक्रवारी तो नाव घेतो. 'अमक्याचा आहे ना? दोन द्या.' दुसऱ्या शुक्रवारी तोच, किंवा त्याच्या शेजारी राहणारा, खिडकीच्या भोकात तोंड घालून विचारतो, 'कसा आहे हो?' पहिल्या शुक्रवारची गर्दी जाहिरातीनं आणलेली असते. दुसऱ्या शुक्रवारची गर्दी पहिल्या शुक्रवारच्या लोकांनी आणलेली असते. आणि तुमच्यासारख्याचा धंदा या दुसऱ्या गर्दीवर आहे. कसा, ते पैशात सांगतो.

२००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं भांडण झालं होतं. दोनेक महिने मोठे हिंदी पिक्चर मल्टिप्लेक्सात लागलेच नाहीत. शेवटी जो तह झाला त्यात वितरकाचा वाटा असा ठरला: पहिल्या आठवड्याला ५० टक्के, दुसऱ्याला ४२.५, तिसऱ्याला ३७.५ आणि चौथ्यापासून ३०. उरलेलं पडदेवाल्याचं. एकेका छोट्या टॉकीजच्या अटी वेगळ्या असतात, तुमच्याही असतील, पण उतार त्याच दिशेचा असतो. पिक्चर जितका जुना, तितका तुमचा वाटा मोठा.

आता समजा, एका पडद्यावर दीडशे खुर्च्या, दिवसाला चार खेळ, कर सोडून दीडशे रुपये तिकीट. आठवडाभर प्रत्येक खेळ हाउसफुल गेला तर सहा लाख तीस हजार होतात. चौथ्या भागानं पहिल्या आठवड्यात सहा लाख केले, दुसऱ्यात दीड लाख आणि मग आडवा झाला. एकूण साडेसात लाख. तुमच्या हाती तीन लाख शहाऐंशी हजार दोनशे पन्नास. दुसऱ्या पिक्चरनं पहिल्या आठवड्यात अडीच लाख केले, दुसऱ्यात पुन्हा अडीच, तिसऱ्यात दीड, चौथ्यात एक. एकूण तेवढेच साडेसात लाख. पण तुमच्या हाती चार लाख साडेबत्तीस हजार. माणसं सारखी, खुर्च्या सारख्या, फरक सेहेचाळीस हजारांचा. तुम्ही म्हणाल, चार आठवडे पडदा अडकला की. अडकला खरा. पण त्याच पडद्यावर दुसऱ्या आठवड्यापासून दोन खेळ चालत्या पिक्चरला आणि दोन नव्याला देता येतात. आणि कॅन्टीनचा हिशेब यात धरलाच नाही. पहिल्या दिवशी पहिला खेळ पाहायला येणारं पोट्टं शिट्ट्या मारतं, समोसा घेत नाही. समोसे, पॉपकॉर्न, थंडा घेतं ते दुसऱ्या रविवारी आलेलं सहा जणांचं घर.

म्हणून नवा पिक्चर आला की मी पहिल्या दिवसाच्या आकड्यावर फार वेळ घालवत नाही. पहिल्या दिवसाचा आकडा शेवटी कितीपट झाला ते पाहतो. २०२३ साली अमेरिकेत पिक्सार या अ‍ॅनिमेशन कंपनीचा 'एलेमेंटल' आला. आगीची मुलगी, पाण्याचा मुलगा, मागचा काही इतिहास नाही. पहिल्या तीन दिवसांत जेमतेम तीन कोटी डॉलर आले आणि दुसऱ्या दिवशी जाणकारांनी त्याचा दहावा-बारावा उरकून टाकला. तो अमेरिकेतच पंधरा कोटींच्या वर गेला, पाचपट. त्याच वर्षी 'द मार्व्हल्स' आला, मार्व्हलच्या सुपरहिरोंच्या मालिकेतला तेहतिसावा पिक्चर. सुरुवात साडेचार कोटींच्या वर, म्हणजे 'एलेमेंटल'च्या दीडपट. शेवट साडेआठ कोटींच्या आतबाहेर. दुपटीलाही पोहोचला नाही.

घरचं उदाहरण देतो. 'कांतारा' हिंदीत १४ ऑक्टोबर २०२२ ला लागला. पहिल्या दिवशी देशभरात सव्वा कोटीच्या आसपास. कर्नाटकातल्या गावची गोष्ट, दैव, भूतकोला, आपल्याकडे कुणाला काय त्याचं? मी दुपारी तीनचा एक खेळ दिला होता, तोही उपकार केल्यासारखा. पहिल्या सोमवारी त्या खेळाला शुक्रवारपेक्षा जास्त माणसं होती. माझ्या नोकरीत असे सोमवार बोटांवर मोजण्याइतके आले. पुढच्या आठवड्यात दिवाळी. मोठ्या नटांचे दोन पिक्चर यायचे होते आणि वितरकाचा माणूस खुर्चीवर बसून हटत नव्हता, 'तो कन्नडवाला काढा.' मी काढला नाही, रात्री साडेनऊला सरकवला. दिवाळीनंतर त्याचेच तीन खेळ झाले. हिंदीत तो पिक्चर ऐंशी कोटींच्या वर गेला. शेवटची दहा-पंधरा मिनिटं चालू असताना आमचा डोअरकीपर रोज आत जाऊन उभा राहायचा. पस्तीस वर्षांत हजारो पिक्चर पाहिलेला माणूस तो.

आता लोकांना अशा पिक्चरांत काय गोड लागतं, ते.

एक, गृहपाठ नसतो. तिसऱ्या-चौथ्या भागाच्या वेळी खिडकीवर हमखास येणारा प्रश्न मी तुम्हाला जसाच्या तसा सांगतो: 'भाऊ, पैले दोन पाहाच लागते का?' हा प्रश्न ज्यानं विचारला तो निम्मा परत गेलेला असतो. तरुण पोरगा विचारत नाही, त्यानं सगळं मोबाइलवर पाहिलेलं असतं. विचारते ती त्याची आई. आणि आई परत गेली की बाप, आजी, धाकटी बहीण सगळे परत गेले. सहा तिकिटांची दोन होतात. तुमच्या बुकिंगच्या कॉम्प्युटरमध्ये एका वेळी किती तिकिटं निघाली ते दिसतं. ते रोज पाहा. दुसऱ्या आठवड्यात एकेका वेळी पाच, सहा, सात तिकिटं निघायला लागली की समजा पिक्चर घरात पोहोचला. मालिकेच्या पिक्चरला पहिल्या दिवशी दोन-दोन निघतात आणि शेवटच्या दिवशीही दोनच.

दोन, पुढे काय होणार ते ठाऊक नसतं. हे इतकं साधं आहे की आपण विसरतो. मालिकेतल्या नायकाला चौथ्या भागात कुणी मारत नाही, पाचवा काढायचा असतो ना. गोळ्या सुटतात, गाड्या उडतात, आणि प्रेक्षक खुर्चीत रेलून बसलेला असतो. याच्या उलट 'सैराट'. २०१६ चा उन्हाळा, २९ एप्रिल. गाण्यांवर लोक खुर्च्यांवरून उठून नाचले, पडद्यावर पैसे उधळले, साफसफाईवाल्यांनी चिल्लर गोळा केली. काही गावांत मध्यरात्रीनंतर खेळ लावावे लागले. आणि तीच नाचणारी माणसं शेवटी बाहेर येताना एक शब्द बोलत नव्हती. टॉकीजच्या जिन्यावर नुसते चपलांचे आवाज. दोन वर्षांनी त्याच गोष्टीचा हिंदी अवतार आला, चांगला पैसाही केला, पण आमच्याकडे तो जिना पुन्हा तसा झाला नाही. कसा होणार? प्रत्येकाला वळण आधीच माहीत होतं आणि प्रत्येक जण ते वळण मुळासारखं आहे का, एवढंच तपासत बसला होता.

तीन, घरी न्यायला काही मिळतं. १९७५ च्या १५ ऑगस्टला 'शोले' आला तेव्हा मी शाळेत होतो, पण ज्या जुन्या बुकिंगवाल्याच्या हाताखाली शिकलो तो सांगायचा की पहिल्या आठवड्यात धंद्यातल्यांनी त्याला पडला म्हणून जाहीर केलं होतं. मग लोक संवाद म्हणत बाहेर पडायला लागले. पुढे तर संवादांच्या रेकॉर्डी निघाल्या आणि खपल्या. गाण्यांच्या नव्हे, बोलण्याच्या. मुंबईत एका टॉकीजला तो पाच वर्षं चालला. २०१८ साली 'स्त्री' लागला तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात आमच्या सायकल स्टँडच्या भिंतीवर कुणीतरी खडूनं लिहून ठेवलं, 'ओ स्त्री कल आना'. मी पुसू दिलं नाही. फुकटची जाहिरात होती.

इथे थोडं थांबून 'नवा' म्हणजे काय ते बोलायला हवं, कारण पुढच्या ओळीत तुम्ही मला पकडाल. 'अशी ही बनवाबनवी' मराठी माणसाला पाठ आहे. तो १९६६ च्या 'बीवी और मकान' या हिंदी पिक्चरवरून केलेला आहे. 'शोले'मध्ये कुठकुठल्या परदेशी पिक्चरांचे अंश आहेत यावर लोक अजून वाद घालतात. म्हणजे कोरं, अस्पर्श, आभाळातून पडलेलं असं काही नसतं. खिडकीवरच्या माणसाला त्याच्याशी घेणंही नसतं. त्याच्या लेखी नवा म्हणजे मला आधीचं काही ठाऊक असण्याची अट नाही, आणि मला सगळं आधीच ठाऊकही नाही. 'बनवाबनवी'च्या प्रेक्षकानं मूळ हिंदी पाहिलेला नव्हता. आज तसं होत नाही. दक्षिणेतला पिक्चर हिंदीत डब होऊन यूट्यूबवर, टीव्हीवर दिवसभर फिरत असतो. आमच्या चहावाल्याला तेलुगू नटांची नावं माझ्यापेक्षा जास्त येतात. त्यामुळे पूर्वी जे रिमेक सहज चालायचे ते गेल्या काही वर्षांत धडाधड पडले. गोष्ट वाईट नव्हती, शिळी होती. शिळं चालतं घरी, पैसे देऊन हॉटेलात कोण खातो?

आणि नुसतं नवं असूनही भागत नाही, तो धमालही लागतो. माझी एक कसोटी आहे. पिक्चर एका वाक्यात सांगता आला पाहिजे आणि त्या वाक्यात शेवट असता कामा नये. हात तोडलेला ठाकूर दोन चोरांना पैसे देऊन म्हणतो, डाकू जिवंत आणून द्या. किंवा, गोरा साहेब गावाला म्हणतो, क्रिकेटमध्ये हरलात तर तिप्पट लगान, जिंकलात तर तीन वर्षं माफ. बघा, दोन्हीत आजीला कळतं काय पणाला लागलं आहे, आणि पोट्ट्याला कळत नाही पुढे काय होणार. तुमच्या त्या चौथ्या भागाचं वाक्य करून पाहा. 'तिसऱ्या भागात मेला असं वाटलं होतं तो मेला नव्हता' याच्यापुढे जात नसेल.

'लगान' आणि 'गदर' एकाच दिवशी लागले होते, १५ जून २००१ ला. त्या दिवसाबद्दल मी पुष्कळ बोलू शकतो. पाऊस यायचा होता, कूलर नुसते दमट हवा फेकत होते, आणि 'लगान' पावणेचार तासांचा. दिवसाला चार खेळ बसवताना घाम निघाला. रात्रीचा खेळ सुटायचा तेव्हा सीताबर्डीवर पोहेवाल्याची पहिली तर्री उकळायला आलेली असायची. दोन्ही पिक्चरांना मागचा भाग नव्हता. एकात हातपंप उखडणारा सरदार, दुसऱ्यात धोतर नेसून क्रिकेट खेळणारं गाव. धंद्यातले म्हणत होते एक दुसऱ्याला खाईल. झालं असं की एकाची तिकिटं संपली की लोक दुसऱ्याच्या रांगेत जाऊन उभे राहायचे आणि पुढच्या रविवारी उलट. मोठा, नवा, मजेदार पिक्चर दुसऱ्याचं गिऱ्हाईक खात नाही, घराबाहेर न पडणाऱ्याला बाहेर काढतो. हे मी त्या जूनमध्ये शिकलो.

याच 'गदर'चा दुसरा भाग बावीस वर्षांनी, २०२३ साली आला आणि पाचशे कोटींच्या पुढे गेला. 'स्त्री'चा दुसरा भाग २०२४ ला आला, तोही पाचशेच्या पुढे. 'कांतारा'चा पुढचा तर मागच्यापेक्षा मोठा झाला. म्हणजे मी पुढच्या भागांच्या विरोधात बोलतोय असं समजू नका, मूर्ख ठरेन. पण ते पैसे कुठून आले ते पाहा. पहिल्या भागानं लोकांच्या मनात जी ठेव ठेवली होती तिचं ते व्याज. बावीस वर्षं कुणी हात लावला नाही म्हणून एवढं झालं. दर दीड वर्षाला काढत बसलं की आधी व्याज संपतं, मग मुद्दल. आणि मुद्दल टाकायला कुणीतरी आधी नवा पिक्चर काढावाच लागतो.

आपल्या मारबतीचं बघा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीनं निघते, शंभराहून जास्त वर्षं निघते आहे. ती दर वर्षी तीच असते आणि तीच असायला हवी. कुणी म्हणत नाही यंदा हिरवी काढा. पण इतवारीत, महालात लोक गच्चीवर चढून माना लांब करतात त्या बडग्यांसाठी, म्हणजे सोबत निघणाऱ्या, चालू घडामोडींवर टोमणे मारणाऱ्या पुतळ्यांसाठी. यंदा कुणाचा बडग्या, काय लिहिलंय पाटीवर. बडगे दर वर्षी नवे असतात. मागच्या वर्षीचाच बडग्या रंग देऊन आणला तर गच्चीवरून काय काय ऐकायला मिळेल ते इथे लिहिता येत नाही. सणासुदीला एखाद्या जुन्या नावाची मिरवणूक निघायला माझी हरकत नाही. नुसत्या मारबतीच निघायला लागल्या आहेत, बडगे दिसेनासे झालेत, एवढीच तक्रार आहे. २०२४ साली जगभर सर्वांत जास्त कमाई केलेल्या हॉलिवूडच्या दहा पिक्चरांपैकी नऊ कशाचे ना कशाचे मागचे-पुढचे भाग होते, आणि दहावा रंगमंचावरच्या गाजलेल्या संगीतिकेवरून केलेला.

मालिका पुढे ओढली की पहिल्यातली मजा नेमकी कुठे जाते ते 'जुरासिक पार्क'मध्ये स्वच्छ दिसतं. १९९४ साली तो हिंदीत डब होऊन आला. हॉलिवूडचा पिक्चर हिंदीत, हेच तेव्हा अप्रूप होतं. मी प्रतिनिधी होतो, रोज चारही खेळ खिडकीवर. पहिले दोन दिवस कॉलेजची पोरं, चौथ्या दिवसापासून इतवारीतले किराणावाले बायकामुलांसकट. त्या दोन तासांच्या पिक्चरात डायनासोर पडद्यावर असतो मोजून पंधरा मिनिटं. बाकी सगळी वाट पाहणं. पेल्यातलं पाणी थरथरतं, बस, आणि आख्खी बाल्कनी पाय वर घेऊन बसायची. पुढच्या भागांना ती सोय राहिली नाही. डायनासोर कसा दिसतो ते सगळ्यांना माहीत, मग तो पहिल्या दहा मिनिटांत दाखवावा लागतो, मग त्याहून मोठा, मग दोन, मग पंखवाला. २०२५ ला सातवा आला. चालला की चांगला, नाही म्हणत नाही. पण पाय वर घेतलेलं कुणी दिसलं नाही.

मग निर्माते असं का करतात? मूर्ख नाहीत ते. ओटीटी आणि टीव्हीचे हक्क पिक्चर लागायच्या आधी विकले जातात, तेव्हा दाखवायला फक्त नावच असतं. जाहिरातीत 'हे काय आहे' सांगण्याचा खर्च वाचतो. आणि तिसरं कारण आपण, पडदेवाले. तिकीट महाग केलं. चार जणांचं घर पॉपकॉर्न धरून हजार-दीड हजार खर्चून बाहेर पडणार असेल तर ते जुगार खेळत नाही, ओळखीचं नाव घेतं. पूर्वी स्टॉलचं तिकीट इतकं स्वस्त होतं की माणूस पोस्टर पाहून आत शिरायचा, वाईट निघाला तर झोपायचा. निदान उन्हातून सुटका. २३ सप्टेंबर २०२२ ला देशभर मल्टिप्लेक्सनी एक दिवस तिकीट ७५ रुपये केलं तर सुमारे ६५ लाख माणसं आली. माणसं होतीच. ७५ रुपयांत त्यांना जुगार परवडला.

माझे अंदाज चुकलेलेही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल नवा म्हणजे हमखास. २०२२ च्या मार्चमध्ये 'झुंड' लागला. नागपूरची गोष्ट, नागपूरचीच पोट्टी, सोबत अमिताभ बच्चन. मी म्हटलं तीन महिने पडद्यावरून हलत नाही. पहिल्या रविवारी आपल्या गल्ल्या पडद्यावर पाहून लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण पुढच्याच शुक्रवारी जो पिक्चर आला त्यानं एकेक करत पडदे ओढून नेले आणि मी नुसता पाहत राहिलो. मनाला लागलं. उलट बाजूचंही एक आहे: एका गाजलेल्या पिक्चरच्या तिसऱ्या भागासाठी मी एका वितरकाला भलीमोठी मिनिमम गॅरंटी, म्हणजे पिक्चर चालो न चालो द्यायचीच अशी रक्कम, कबूल करून बसलो होतो. सोमवारी सकाळच्या खेळाला अकरा माणसं होती, त्यातला एक आमचा इलेक्ट्रिशियन. ती रक्कम फेडायला दोन दिवाळ्या गेल्या. नव्यानं मला निराश केलं असेल, पण बुडवलं ते जुन्या नावानं. कारण नव्यासाठी कुणी गॅरंटी मागतच नाही.

आता तुमचं काम. पहिला पडदा आठवडाभर चौथ्या भागाला द्या, सगळे खेळ. पहिल्या शुक्रवारची गर्दी खरी असते, ती सोडायची नाही. दुसऱ्या पडद्यावर दुपारी तीन आणि संध्याकाळी सहा हे दोन खेळ नव्या पिक्चरला, बाराचा आणि रात्रीचा चौथ्या भागाला. वितरक उलट मागेल: नव्याला सकाळी साडेनऊ आणि रात्री साडेअकरा देऊन टाका म्हणेल. ती पिक्चर मारायची जुनी रीत आहे. आजी साडेअकराला येत नाही. सहाचा खेळ सोडू नका, काहीही झालं तरी. नव्याच्या वितरकाकडून उलट हे लिहून घ्या की दुसऱ्या आठवड्यात तुम्हाला खेळ वाढवायचे झाले तर त्याच अटींवर वाढतील. चालला की त्यांची भाषा बदलते.

तिकिटाचंही एक करून पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी ५ टक्के आहे, त्याच्या वर १८. नव्या पिक्चरचा सोमवार ते गुरुवार शंभरात बसवा. करात वाचलेलं लोकांना द्या आणि फलकावर मोठ्या अक्षरात लिहा.

मग रविवारी सहाच्या खेळाला इंटरव्हल झाला की ऑफिसात बसू नका, कॅन्टीनपाशी उभे राहा. लोक बाहेर येऊन मोबाइल काढतात की एकमेकांशी बोलतात, एवढंच पाहायचं. बोलत असतील, त्यातही कुणी हातवारे करून मघाचा प्रसंग परत करून दाखवत असेल, तर सोमवारी नव्याला तिसरा खेळ द्या. सोमवारी संध्याकाळचा आकडा शुक्रवार संध्याकाळच्या निम्म्याच्या वर असेल तर चौथाही. चौथ्या भागाचा सोमवार निम्म्याच्या खाली गेला तर बुधवारपर्यंत वाट पाहण्यात अर्थ नाही, पण शुक्रवारपर्यंत करार आहे म्हणून चालवा आणि खुर्च्या दुरुस्त करून घ्या.

वितरकाचा फोन बहुतेक बुधवारी रात्री साडेदहानंतर येतो, तुम्ही दमलेले असता तेव्हा. तुम्ही दोघं भाऊ आहात हे बरं आहे. जो फोन उचलेल त्यानं म्हणायचं, 'दादाला विचारून सांगतो', आणि दादानं उचलला तर त्यानं म्हणायचं, लहानाला विचारतो. दादानं गुरुवारी दुपारपर्यंत झोपलेलं असावं. तोपर्यंत पोस्टर छापून झालेले असतात.